एका वाक्यातल्या दोघी

"बाई, सर्दी झालीय का तुम्हाला?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तोंड बरं होऊन बरेच महिने झाले होते, पण हो-नाहीच्या कामाला अजून मानच आधी धावायची. वर्षानुवर्षं ज्या दारातून वाकून जावं लागलं, ते दार उंच करून घेतलं तरी माणूस वाकतोच. रेकॉर्डिंगवाला पिकल्या कल्ल्यांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं हेडफोन मानेवर ओढले आणि म्हणाला, जरा ऐका. आधी त्यानं जुना आवाज लावला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बसस्थानकावर दिवसभर फिरणारा, खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून पडणारा, इतक्या वर्षांत तिला स्वतःला ऐकू येईनासा झालेला तो आवाज, घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या त्या खोलीत, अगदी कानाशी येऊन बसला. गाडी थोड्याच वेळात, मग बारीकसा थांबा, फलाट क्रमांक तीनवर येत आहे. मग त्यानं आत्ताचा आवाज लावला. वाक्य तेच, फक्त फलाट अकरा. दुसरी बाई कोण, असा प्रश्न तिच्या मनात खरोखरच येऊन गेला. ही दुसरी बाई घाईत होती. शब्द फळीवर भांडी आपटावीत तसे ठेवत होती. 'फलाट' म्हणताना कुठं अडत नव्हती, कुणाची वाट बघत नव्हती. आणि त्या आवाजातलं काहीतरी तिच्या ओळखीचं होतं. फार जुन्या, बंद केलेल्या घरातून यावं तसं ओळखीचं.

रेकॉर्डिंगवाल्यानं आपल्या परीनं समजावून सांगितलं. स्थानकाला नवे फलाट जोडलेत, नऊपासून बारापर्यंत. बाकी वाक्यं जुनीच राहणार, फक्त नव्या फलाटांचे तुकडे हवेत, मशीन ते जोडून घेतं. पण तुकडा जुन्या कापडाशी जुळायला पाहिजे ना बाई. त्या आवाजात कसं, माया आहे. तुम्ही प्रत्येक शब्दाआधी जराशा थांबता, जसं काही विचारताय, येऊ का म्हणून. ते आणा परत. तो बोलत होता आणि तिला वाटत होतं, आपली झडती चालली आहे. कारण माया कुठली, तिला ते सगळे थांबे एकेक करून माहीत होते. 'गाडी'मधल्या 'डी'ला जीभ मागे वळायची आणि डाव्या कडेचा फोड दाढेला घासायचा, म्हणून आधी जीभ सांभाळून उचलायची. 'फलाट'ला टाळूवरचा. 'कृपया'ला खालच्या ओठाच्या आतला, दोन ओठ मिटताना. नेमके रोजच्या कामाचे शब्दच दुखऱ्या जागांवरून जायचे, आणि त्यांना टाळून गाडी फलाटावर आणता येत नव्हती. ज्याला लोक माया म्हणत होते तो अनवाणी माणूस काट्यांतून चालतो तसा चाललेला बोलण्याचा प्रकार होता. एकदा एक गृहस्थ जिना चढून घोषणेच्या खोलीच्या दाराशी आले होते, आणि तुमचा आवाज ऐकला की प्रवासाची भीती जाते, एवढंच सांगून गेले होते. ती हसली होती, ओठ न उघडता.

आगारप्रमुख निवृत्तीला टेकलेला, पोट सांभाळत चालणारा माणूस. त्यानं दोन्ही आवाज ऐकले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, दोन आठवड्यांनी रेकॉर्डिंगवाले परत येतील, तोवर विश्रांती घ्या, कोमट पाणी प्या. जमलं तर सोन्याहून पिवळं. नाही जमलं तर मग सगळंच नव्यानं करून घ्यावं लागेल दुसऱ्या कुणाकडून, पहिल्यापासून बारापर्यंत. अर्धं एकीचं अर्धं दुसरीचं बरं नाही दिसत. म्हणजे जुना आवाजही पुसला जाणार. त्यानं हे बोलताना हवेत फळा पुसल्यासारखा हात फिरवला. ती त्या हाताकडेच बघत राहिली. जिना उतरताना ती जिभेनं तोंडाची डावी बाजू चाचपत होती. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत, ओलं, कुणीही राहून न गेलेलं. गावाला गेलेल्या माणसाच्या खोलीत सारखं डोकावून यावं तशी ही जीभ बरं झाल्यापासून दिवसातून कितीदा तरी तिथं जाऊन यायची.

ती पूर्वी तिकीट खिडकीवर होती. तेव्हा तिला सगळे 'तोफ' म्हणत. सुटे नसताना वाद घालणारे, रांग मोडणारे, 'मी कोण आहे माहीत आहे का' म्हणणारे, सगळ्यांना ती जाळीच्या त्या एवढ्याशा भोकातून आडवं करायची. एका साहेबी माणसानं तिला तुम्हाला बोलायची रीत नाही म्हटलं, तेव्हा ती म्हणाली होती, रीत आहे, पण ती पुढच्या खिडकीवर मिळते, इथं फक्त तिकीट. आगारातला एक मेकॅनिक त्या दिवशी खिडकीची अडकलेली झडप दुरुस्त करत टेबलाखाली बसला होता. तो तिथं खालीच हसायला लागला, आणि झडप त्यानंतर पुन्हा पुन्हा अडकायला लागली. तोच तिचा नवरा. जीभ तिला आईकडून आली होती. आई म्हणायची, जिभेला हाड नसतं म्हणूनच तिला जपावं लागतं, आणि स्वतः मात्र दोन आळ्या पलीकडे ऐकू जाईल अशी बोलायची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पहिल्यांदा तोंड आलं. सगळ्यांनाच येतं, उष्णतेनं येतं, जागरणानं येतं. पण हिचं गेलं नाही. एक फोड बसला की दुसरा उठायचा, पांढरट बुडाचा, लाल काठाचा, नाण्यासारखा खोल. घशाशी, जिभेखाली, आणि पुढे जिथलं सांगायची लाज वाटते तिथंही. सासरच्या एका म्हातारीनं म्हटलं, बोललेलं असं भरावं लागतं. तिनं ते हसण्यावारी नेलं, पण शब्द पोटात राहून गेला. खिडकीवर भांडणं अशक्य झालं, तेव्हा कुणाच्या तरी रजेच्या बदलीवर तिला वर घोषणेच्या खोलीत बसवलं, आणि आठ दिवसांत लोक विचारायला लागले, ही नवी बाई कोण, किती गोड बोलते. तोफेची साखरबाई झाली. ज्यानं तोंड बंद केलं त्यानंच पोट भरलं. असल्या सावकाराला शिव्या तरी कशा द्यायच्या.

औषधं मग किती झाली. लावायचं मलम, गुळण्या, कडू गोळ्या, आणि ज्यांनी चेहरा भोपळ्यासारखा सुजला त्या गोळ्या. गोळ्या असेपर्यंत बरं, कमी केल्या की फोड हजर. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं, बेहचेट, कुणा परक्या डॉक्टरच्या नावावरून. त्या म्हणाल्या, तुमच्या शरीराचे राखणदार घरातल्याच माणसांना चोर समजून मारताहेत. ती त्या नावाला घरी 'बेचैन' म्हणायची. मग एक दिवस सकाळी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, काच पुसावी तसा डोळा पुसला तरी जाईना, आणि बाईंचा चेहरा बदलला. तोंडाचं तोंडापुरतं असतं, त्या म्हणाल्या, डोळ्याशी खेळ नको. तेव्हा ते नवं इंजेक्शन सुरू झालं. बायोलॉजिक म्हणतात त्याला. जिवंत पेशींकडून करून घेतलेलं औषध, राखणदारांना हाका मारत फिरणारा जो एक निरोप्या रक्तात असतो, त्यालाच धरून ठेवणारं. आधी क्षयाची तपासणी झाली, रक्त झालं, फोटो झाले. मग दर दुसऱ्या रविवारी एक पेन, म्हणजे घरीच टोचून घ्यायचं, पेनासारखं इंजेक्शन. बाईंनी दोनदा बजावलं होतं, आपल्या मनानं थांबवायचं नाही. मध्येच सोडलं तर आजार उसळतो, आणि कधीकधी शरीर औषधालाच परकं समजायला शिकतं, मग ते परत लागू पडेल याची खात्री नाही. पहिल्या काही पेनांतच तोंड कोरं झालं. लिंबू लावून बघितलं, मीठ लावून बघितलं. नवरा समोर बसून तिचं तोंड बघत होता, आणि ती रडत लिंबू खात होती.

घरात त्या रविवारची एक रीतच पडून गेली होती. सकाळी नवरा फ्रीजमधून पेन काढून टेबलावर ठेवायचा, थंडगार टोचू नये म्हणून अर्धा तास. तो अर्धा तास दोघंही दुसरं काही करायचे नाहीत. मग ती मांडीवर पेन टेकवायची, खटका वाजायचा, आणि तो मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हणायचा, इंजिन चालू करताना मदतनिसाला ओरडून सांगावं तसे. दहाला दुसरा खटका. झालं, सुटली गाडी, असं म्हणून तो उठायचा. रेकॉर्डिंगनंतरच्या रविवारी नवऱ्याला आगारात बिघडलेल्या गाडीसाठी बोलावलं होतं. थांब, मी आल्यावर घेऊ, तो म्हणाला. तो परत आला तेव्हा ती म्हणाली, घेतलं मी. "एकटीनं?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. तो हात धुवायला मोरीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. पेन फ्रीजच्या मधल्या फळीवर, भाजीच्या पिशवीमागं होतं. आपण काय करतो आहोत हे तिला लख्ख माहीत होतं. एक फोड, फक्त एक, जिभेच्या डाव्या कडेला, तेवढ्यापुरता. चार वाक्यं झाली की लगेच पेन घ्यायचं. एखाद्या वाईट नातेवाइकाला सहीपुरतं घरात बोलवावं तसं. तो आला की काय काय मागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मनानं एकदा कज्जा चालवायला घेतला की तेच वकील आणि तेच न्यायाधीश.

मग जे दिवस गेले, ते दिवस म्हणजे नुसती येरझार. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कशाला उठलो आठवत नसे. घोषणेच्या खोलीत बसून ती काचेतून खाली बघायची. फलाटावर माणसं तिच्या आवाजाच्या तालावर हलत होती. 'लक्ष द्यावे' म्हटलं की माना वर, 'फलाट क्रमांक' म्हटलं की पिशव्या उचलल्या. तो आवाज मशीनमधून येत होता, ती काही बोलतच नव्हती, तरी प्रत्येक थांब्याला तिची जीभ तोंडातल्या तोंडात उचलली जायची. पुसला जाणार, ती म्हणायची. हा पुसला गेला तर मागं राहतं कोण? घरी दोन माणसं, मूलबाळ नाही, फोटोत ती नेहमी ओठ मिटून. तिचं म्हणून जगात जे होतं ते या कर्ण्यांत होतं. आणि लगेच मागून दुसरं कुणी म्हणायचं, ते तरी तुझं कुठं, ते त्या फोडाचं. तू नुसती मालकीण, गायलं त्यानं. मध्येच एकदा थेट घोषणा करायची वेळ आली, कुणाची पिशवी राहिली होती. ती माइकवर बोलली, आणि खालच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईनं फोन करून विचारलं, वर कोण बसलंय गं आज, साखरबाई कुठाय? तिनं फोन ठेवला. त्या तुटक, ठासून बोलणाऱ्या आवाजात तिला तेव्हा नीट ओळख पटली. आईचा आवाज होता तो. आई शेवटी बहिरी झाली होती. खाटेवर बसून सारखी म्हणायची, मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. आणि हिच्या जिभेखाली तेव्हा दोन फोड होते. हिनं ओठ हलवावेत, आईनं कान पुढे करावा, पुन्हा म्हणावं, मोठ्यानं बोल की, आणि शेवटी तोंड फिरवून भिंतीला सांगावं, रागावलीय माझ्यावर. आजाराचं तिला सांगितलं होतं. पण सांगितलेलं तिला ऐकू कुठं आलं होतं. ज्या बाईनं आयुष्यात कधी हळू बोलून बघितलं नाही, तिला हळू बोलणं म्हणजे रुसवाच वाटणार. आई तो समज घेऊनच गेली.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेताना चुरचुरलं. डाव्या कडेला, नेमकं जिथं हवं तिथं. तिच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली आणि पाठोपाठ त्या आनंदाची किळस. आरशासमोर जाऊन तिनं जीभ बाहेर काढली. लहानसा, पांढरा ठिपका, भोवती लाल रेघ. ओळखीचा पाहुणा चपला काढून ओटीवर बसलेला. दार लावून तिनं हळूच म्हणून बघितलं, गाडी थोड्याच वेळात. जीभ थांबली. थांबली आणि मग सावकाश, विचारल्यासारखी पुढे गेली. आली होती साखरबाई. दिवसभर ती स्वतःशी ती चार वाक्यं घोळवत राहिली, आणि संध्याकाळी दिवा लावला तेव्हा त्या दिव्याकडे बघवेना. उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं होतं. चुलीच्या धगीनं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. चूल तर घरात नव्हतीच, गॅस होता. इतकं खोटं बोलायलासुद्धा माणसाला सवय लागते.

सकाळी ती नवऱ्याला डबा भरून देत होती, खिडकीकडे पाठ करून. तो म्हणाला, इकडे वळ. ती वळली नाही. त्यानं खांदा धरून उजेडाकडे वळवली, आणि तिनं डोळा मिटून घेतला. "कधीपासून?" त्यानं विचारलं. कालपासून, ती म्हणाली, आणि म्हणताना जीभ अडली. त्याचं गेलं आयुष्य आवाज ऐकण्यात. इंजिनाला लोखंडी कांब लावून दुसरं टोक कानाला लावायचा आणि आत काय झिजलंय ते सांगायचा. तो फ्रीजकडे गेला, भाजीची पिशवी बाजूला केली, पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसला. डबा तसाच उघडा. तिला वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. पण तो नुसता बसला होता, तो अर्धा तास पाळत. तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ताप, खोकला, काही नाही ना, एवढं विचारलं, आणि म्हणाल्या, चुकलेलं पेन आत्ता घ्या आणि तशाच डोळ्यांच्या विभागात या, मी सांगून ठेवते. बाकीचं आल्यावर बोलते. 'बाकीचं' या शब्दात काय काय असणार होतं ते तिला कळलं.

ती टेबलाशी बसली आणि बोलायला लागली. जीभ दुखत होती तरी बोलली. त्या चार वाक्यांचं, गोधड्यांच्या खोलीचं, आगारप्रमुखाच्या फळा पुसणाऱ्या हाताचं. तो आवाज फोडाचा होता, माझा नव्हताच, आता तो नाही तर माझं म्हणून काय आहे, असं काहीतरी. तिला स्वतःलाच ते सांगताना पोरकट वाटायला लागलं, तरी थांबता आलं नाही. तो ऐकत होता, मान जराशी कलती, कांब कानाला लावल्यासारखी.

"काही गाड्यांना एक आवाज असतो," तो म्हणाला. "गुणगुणल्यासारखा. ड्रायव्हर सांगतात, राहू द्या, लांबून गाडी ओळखू येते. लोकांना आवडतो. पण ते बेअरिंग झिजलेलं असतं."

मग तो पेन हातात घेऊन फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी लग्न तोफेशी केलं होतं. साखरबाई मागून आली. तिच्याशी संसार केला, तक्रार नाही. पण तिच्याशी भांडता यायचं नाही. घरात भांडण एकट्यानं करायचं म्हणजे एकट्यानं बागेतल्या सी-सॉची फळी खालीवर करण्यासारखं. दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलंच नाही."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुझं तोंड आलेलं असायचं. काय सांगणार?"

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. खूप आतून, जिथं जीभ पोचत नाही तिथून, एक जुनी चीड वर आली, स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या कपड्यासारखी. "सगळ्या आगाराची बेअरिंगं ऐकू येतात तुला," ती म्हणाली, "आणि न्हाणीतला नळ वर्षभर गळतोय तो ऐकू येत नाही?" लग्नाआधी ती त्याला अरे-तुरे करायची, मग अहो आलं, मग तोंड आल्यावर तेही गेलं आणि वाटीवर चमचा वाजवणं आलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू टेबलाखाली झडप दुरुस्त करत बसला आहे. तिनं पेन मांडीवर टेकवलं, आणि आकडे म्हणताना त्याचा आवाज मध्येच सातवर फाटला. दहाला खटका वाजला. झालं, सुटली गाडी, हे तो त्या दिवशी म्हणाला नाही.

निघता निघता तिनं रेकॉर्डिंगवाल्याला फोन केला. म्हणाली, आज येत नाही, डोळा दाखवायला चालले आहे. पुढच्या आठवड्यात येईन, आणि तेव्हा माझ्या तोंडात जो आवाज असेल तो घ्या, नसेल पटत तर दुसरी बघा. तो पलीकडून काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला, आणि जिन्यातच खाली बसली. डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्राच्या त्या उजेडाच्या चिरेत तिचा डोळा कितीतरी वेळ न्याहाळला. पुढच्या भागात सूज आहे, आतला पडदा वाचलाय, नशीब म्हणा. थेंब दिले, पुन्हा बोलावलं. डॉक्टरीणबाई मात्र नशीब म्हणाल्या नाहीत. त्या फार शांतपणे बोलल्या, ते जास्त लागलं. औषध पूर्वीसारखं काम करतं का हे आता दोन-तीन पेनांनंतरच कळेल, तोवर मीही तुमच्यासारखीच वाट बघणार, एवढं म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. वाट बघणं आलं. ती रोज सकाळी आधी डोळा उघडून खिडकीचे गज बघायची, सरळ आहेत का. मग जीभ डावीकडे न्यायची. ठिपका आकसत गेला. पण मनातली येरझार तशीच राहिली, कारण आता ती दोन्ही गोष्टींना भीत होती, तो राहील याला आणि तो जाईल याला.

पुढच्या आठवड्यात गोधड्यांच्या खोलीत ती उभी राहिली तेव्हा तोंड कोरं होतं. रेकॉर्डिंगवाल्यानं चारचारदा म्हणवून घेतलं. जरा हळू, बाई. जरा मऊ. तिनं प्रयत्न केला, नाही असं नाही; पण न दुखणाऱ्या जागेवर थांबायचं म्हणजे खोटं लंगडायचं, आणि ते तिच्यानं होईना. शेवटी आगारप्रमुखानं घड्याळ बघितलं. नव्या फलाटांचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, दुसरी बाई शोधून सगळं नव्यानं करायला वेळ नव्हता. राहू द्या, तो म्हणाला, तूर्तास असंच. निदान या आवाजानं गाड्या तरी वेळेवर सुटतील. पुढे काय ते नवा साहेब बघेल. तर असं झालं. काही जिंकलं नाही, काही हरलं नाही, आगाराच्या बऱ्याच कामांसारखं ते तूर्तास राहिलं.

उद्घाटनानंतरच्या एका संध्याकाळी, काम संपवून ती खाली फलाटावर आली. घरी जायची तिची गाडी आता अकरावरून सुटायची. कर्ण्यांत खरखर झाली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, साखरबाई म्हणाली, हळू, ओठ जपत. गाडी थोड्याच वेळात. आणि मग मशीननं सोडलेली अगदी बारीक फट, श्वासाहून लहान. फलाट क्रमांक अकरावर येत आहे, दुसरी म्हणाली, ठासून, दोन आळ्या पलीकडे जाईल असं. ओझी वाहणारा एक हमाल खांबाला टेकून बसला होता, तो शेजारच्याला सांगत होता, पहिली बाई बसा म्हणते, दुसरी बाई उठा म्हणते. शेजारचा म्हणाला, सासू-सुना असतील. तिनं पुढे न जाता तिथंच थांबून पुन्हा ऐकलं. एकच वाक्य, आणि त्यात दोघी. त्या मधल्या फटीत काय होतं? सगळी औषधं, लिंबू, भिंतीकडे वळलेलं आईचं तोंड, पिशवीमागं लपवलेलं पेन. पण ऐकणाऱ्याला तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. जोड दिसत होता, टाका दिसत नव्हता. तिला वाटलं, आपण खरं म्हणजे पहिलीही नाही आणि दुसरीही नाही, आपण त्या फटीतच कुठंतरी उभ्या आहोत, हातात पिशवी घेऊन. आणि जीभ आपोआप डावीकडे गेली, गुळगुळीत जागेवरून फिरून परत आली. उद्याचं उद्या. अजून एक पेन व्हायचं होतं, मग डॉक्टरीणबाई सांगणार होत्या.

तिच्या कोपराला कुणीतरी धरलं. एक म्हातारी होती, अंगापेक्षा मोठं गाठोडं घेतलेली, मान वर करून कर्ण्याकडे बघत. "काय म्हणाली गं ती?" म्हातारीनं विचारलं. "कुठला फलाट?" म्हातारीनं कान पुढे केला, थोडी वाकली, आणि तिचे डोळे हिच्या ओठांवर खिळले. ही अकरा म्हणाली, जुन्या सवयीनं, ओठांतल्या ओठांत. म्हातारी तशीच वाकून राहिली. तो कान, ते वाकणं, ती वाट बघणं. हिनं छाती भरून श्वास घेतला. "अकरा," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की हमाल उठून उभा राहिला, रांगेतल्या माना वळल्या, आणि वर काचेतून कुणीतरी खाली डोकावलं. जीभ कुठं अडली नाही. कुठं काही दुखलं नाही. आवाज छपराच्या पत्र्याला लागून खाली आला आणि तिच्या स्वतःच्या कानात शिरला.

म्हातारीनं कान चोळला आणि गाठोडं काखेत सरकवलं. "ओरडतेस कशाला?" ती म्हणाली. "ऐकू येतंय की मला."